आधी पट्टा, मग बाजार: तिसऱ्या-कालवांवर पोट असलेल्या बायकांसोबत काम कसं उभं करावं

खाडीकाठच्या गावात बायकांसाठी काही करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास लोणच्यावर होते. कालवांचं लोणचं, तिसऱ्यांचं (चिखलातल्या शिंपल्यांचं) सुकं, बरणीला लेबल, मुंबईच्या प्रदर्शनात स्टॉल. कल्पना वाईट नाहीत. पण त्या बरणीत जायचा माल खाडीत किती उरला आहे, उद्या दुप्पट मागणी आली तर तो कोण आणि कुठून काढणार, हे बैठकीत कोणी विचारत नाही. मग एकतर दोन वर्षांत गट थंडावतो, नाहीतर त्याहून वाईट घडतं: माल खपायला लागतो आणि खाडी रिकामी होते.

असं घडलेलं आहे. केरळमधल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात १९८०च्या दशकात तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांना व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडून मागणी सुरू झाली. १९९१मध्ये उत्पादन वर्षाला १०,००० टनांवर गेलं आणि १९९३पर्यंत निम्म्यावर आलं. त्यानंतर शहाणपण सुचलं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवायचा, जाळ्याची आस (भोक) ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, यंत्राने उपसा नाही, आणि निर्यातीचा माल किलोभर मांसात १,४०० नगांपेक्षा बारीक नको, असे नियम आले. ते पाळले गेले आणि नोव्हेंबर २०१४मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं. पण मधली वर्षं ज्यांच्या चुली या शिंपल्यांवर पेटतात त्यांनी सोसली.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पट्टा, म्हणजे शिंपल्या जिथे वाढतात ती जागा. मग नोंद, नियम, हक्क, पाणी. आणि बाजार त्यानंतर. उदाहरणं मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांची आहेत. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या) सीआरपी म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या ताई, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या अध्यक्ष किंवा गावात काही करू पाहणारी तरुण मंडळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

सुकतीला सोबत जा

सर्व्हेचा फॉर्म घरी ठेवा. बायका ज्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जातात त्या सुकतीला त्यांच्याबरोबर चिखलात उतरा, एकदा उधाणाच्या दिवसांत आणि एकदा भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब अजूनही मोबाइलइतकाच कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अमावस्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, तर सुकती त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सुकती ऐन दुपारी बाराला, आणि भांग असल्यामुळे पाणीही फारसं मागे जात नाही. खाडीच्या आत जाल तशी वेळ पुढे सरकते, पण अंदाज बसतो.

यातून एक गोष्ट लगेच कळते, जी कार्यालयात बसून कळत नाही. सर्वात जास्त चिखल उघडा पडतो तो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि तोही पहाटे किंवा दिवेलागणीला. म्हणजे पोरांच्या डब्याच्या वेळी नाहीतर रात्रीच्या जेवणाच्या वेळी. त्या चार-पाच दिवसांत बैठक ठेवली तर कोणी येणार नाही. जी येईल तिचा त्या दिवसाचा धंदा बुडेल. बैठका, बँकेच्या फेऱ्या, प्रशिक्षण हे सगळं अष्टमीच्या आगेमागे ठेवा.

चिखलात काय वेचलं जातं ते नीट बघा. रेताड चिखलात तिसऱ्या आणि मुळे या शिंपल्या, थोड्या मोठ्या आकाराचे खुबे, खडकाला आणि जेट्टीच्या खांबांना घट्ट चिकटलेली कालवं, खाऱ्या पाण्याच्या लाटा खाणाऱ्या खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) शिणाणे. तिसऱ्या हाताने, पायाने चाचपून किंवा लोखंडी पळीने उकरून काढतात. कालवं लहान कोयत्याने किंवा हातोडीने फोडतात. नावं मात्र दर दोन खाड्यांनी बदलतात. एका गावच्या तिसऱ्या दुसऱ्या गावात शिवल्या असतात. म्हणून प्रत्येक प्रकारची दोन-तीन शिंपलं पिशवीत घालून, वर गावातलं नाव आणि जागा लिहून ठेवा. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे ही पिशवी दाखवली की शास्त्रीय नाव, वाढीचा वेग आणि प्रजननाचा काळ याची माहिती मिळवता येते. पुढचे सगळे नियम त्यावर उभे राहणार आहेत.

आणखी एक काम याच फेऱ्यांत करा. टोपलीतलं किती विकायला जातं आणि किती घरच्या कालवणात, हे विचारा. जमीन नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या, वय झालेल्या बायकांना हा बिनभांडवली आधार असतो: होडी नको, जाळं नको, कोणाची परवानगी नको. तुमच्या योजनेनंतर पट्ट्यावर फक्त गटाच्या सभासदांचा हक्क राहिला आणि या बायका बाहेर पडल्या, तर तुम्ही गावातल्या सर्वात गरजू बाईचं नुकसान केलं. घरी खाण्यापुरतं वेचायला कोणालाही मोकळीक, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

वही: एका सुकतीक किती गावता?

माल कमी होतोय का, याचं उत्तर बाजारातल्या ढिगावरून मिळत नाही. शिंपल्या विरळ झाल्या की बायका जास्त वेळ वाकतात, लांब जातात, लेकीलाही सोबत नेतात, टोपली भरतेच. ढीग तेवढाच राहतो आणि पट्टा मात्र खंगत जातो. म्हणून मोजायचं ते एका बाईने एका तासात काढलेला माल.

यासाठी साधी वही पुरते. पाच रकाने: तिथी, जागा, चिखलात उतरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, किती माल, कोणता माल. मापासाठी सगळ्यांनी एकच भांडं ठरवा. पाटी, टोपली, बादली, काहीही चालेल, पण एकच. आणि एकदा ते भरून काट्यावर तोलून घ्या. गावातल्या सगळ्या बायकांची नोंद कोणी ठेवू शकत नाही. सात-आठ जणींची नियमित ठेवा. लिहिणारी मुलगी दहावी-बारावी झालेली असेल तर उत्तम, पण तिला त्याचे पैसे द्या. फुकटची वही तीन महिन्यांत बंद पडते.

वहीला जोड म्हणून वर्षातून दोनदा पट्ट्याची मोजणी करा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मेच्या सुरुवातीला. अर्धा मीटर बाजूची लोखंडी चौकट लोहाराकडून करून घ्या. सुकतीला पट्ट्यावर दहा जागी, चांगल्या-वाईट न निवडता, ठरावीक पावलं चालून ती टाका. चौकटीतला चिखल वीतभर खोल काढून चाळणीत धुवा, शिंपल्या मोजा, लांबी मोजा आणि लगेच परत टाका. लहानांची संख्या जवळपास शून्य असेल तर नवं बी (शिंपल्यांची पिल्लं) येत नाही आहे. मोठ्या नसतील आणि लहान भरपूर असतील तर आपण त्यांना मोठं व्हायला उसंत देत नाही. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि नुसत्या वहीतून हा फरक कळत नाही.

माल कमी होण्याचं कारण प्रत्येक वेळी वेचणी नसतं. जोरदार पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि शिंपल्यांचे थर मरतात. पुढच्या वर्षी ते भरूनही येतात. रेतीउपसा मात्र पट्टाच उचलून नेतो. ड्रेजर फिरलेल्या जागी तिसऱ्या का नाहीत याचं उत्तर बायकांच्या पाटीत शोधू नये. पण तसं ग्रामसभेत किंवा तहसीलदारांपुढे सांगायचं तर हातात दोन वर्षांची वही लागते.

नियम बायकांनी करायचे

निदान एका हंगामाची वही झाल्याशिवाय नियमांना हात घालू नका. नंतर बसाल तेव्हा ज्या बायका पट्ट्यावर जातात त्यांनाच बोलू द्या. म्हाताऱ्या काकींना कोणती जागा कधी भरते आणि कधी मोकळी असते हे तोंडपाठ असतं. चार गोष्टींवर बोला.

पहिली, आकार. किमान एकदा तरी अंडी सोडली गेल्याशिवाय शिंपली उचलायची नाही, हे तत्त्व. जात कळली की आकडा शिरगावहून पक्का करून घ्या. तोपर्यंत तिसऱ्यांसाठी ३० मिलिमीटर लांबी धरून चाला. प्लायवूडच्या तुकड्याला ३० मिलिमीटरची खाच पाडून प्रत्येकीच्या पाटीला दोरीने बांधा. शिंपलं लांबीकडून खाचेत पूर्ण बसलं तर ते लहान. चाळणी वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: गजांच्या चाळणीतून शिंपली आडवी नाही, जाडीकडून निसटते. ३० मिलिमीटर लांबीच्या शिंपलीची जाडी त्याच्या जवळपास निम्मी असू शकते. त्यामुळे आधी शंभरेक शिंपल्यांची लांबी आणि जाडी मोजा, मग गजांमधलं अंतर ठरवा. नाहीतर चाळणी बरोबर दिसते आणि अख्खी पिल्लावळ खाली पडण्याऐवजी पाटीत येते, किंवा चांगला मालही गळून जातो. निवड चिखलातच करायची. घरी आणून वेगळी केलेली बारीक शिंपली कोणी परत नेत नाही. आणि लहान टाकताना ढीग न करता पसरून, ओल्या जागी टाका. ढिगावर ऊन आणि पाखरं दोन्ही तुटून पडतात.

दुसरी, विश्रांती. पट्ट्याचे तीन भाग करा आणि दरवर्षी एक भाग बंद ठेवा. हद्दीला बांबू रोवा. सगळाच पट्टा काही महिने बंद ठेवण्यापेक्षा हे बायकांना परवडतं, कारण चूल रोजची आहे. प्रजननाच्या ऐन दिवसांतली पूर्ण बंदी चांगलीच, पण ती घालायची तर त्या महिन्यांत दुसरं कोणतं उत्पन्न आहे हे आधी ठरवा. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी ट्रॉलर आणि यांत्रिक होड्यांसाठी असते. ती तुमच्या शिंपल्यांच्या प्रजननकाळाशी जुळेलच असं नाही.

तिसरी, हत्यार. हात, पळी, लहान कोयता चालेल. फावडं, ओढायची फणी, पंप नको. कालवं काढताना खडक फोडून ढेपच्या ढेप नेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यावर पुढची कालवं बसणार असतात, ती जागाच जाते. वरचं टरफल उघडून मांस जागेवरच काढून घेतलं आणि खालचं खडकाला राहू दिलं, तर त्याच टरफलावर नवं बी बसतं.

चौथी, बाहेरचे लोक. इथेच बहुतेक नियम मोडतात. गावच्या बायका लहान शिंपल्या सोडतात आणि व्यापाऱ्याने टेम्पोतून आणलेली माणसं त्याच उचलतात, असं एकदा झालं की दुसऱ्या दिवसापासून कोणी खाच लावत नाही. म्हणून नियमाच्या पाठोपाठ हक्काचा प्रश्न सुटावा लागतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाकडे या बाबतीत बघण्यासारखं आहे. बांजूलजवळच्या तांबी पाणथळीत खारफुटीच्या मुळांना लागलेली कालवं काढणाऱ्या बायकांनी २००७मध्ये ‘ट्राय’ नावाची संघटना बांधली. वर्षातला मोठा काळ वेचणी बंद ठेवायचं, लहान कालवं घ्यायची नाहीत, खारफुटी तोडायची नाही, हे त्यांनी आपसांत ठरवलं. २०१२मध्ये तिथल्या सरकारने त्या पाणथळीतल्या कालवांचा आणि शिंपल्यांचा वापरहक्क याच संघटनेला दिला आणि त्याच वर्षी तिला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बंदीचे महिने त्या बायका पाळू शकल्या, कारण बंदी उठल्यावर माल आपल्यालाच मिळणार याची खात्री होती.

कागद

आपल्याकडे खाडी सरकारची. पट्टा गटाच्या नावावर करून मिळेल अशी आशा दाखवू नका. तरी हातात काहीच नाही असंही नाही.

जैविक विविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत शिंपल्यांचे पट्टे, वेचणाऱ्या बायका, हंगाम आणि गावाने ठरवलेले नियम लिहून घ्या. समितीच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. टेम्पोवाल्याशी बोलताना ती उपयोगी पडते. नियमांचा ग्रामसभेत ठराव करा आणि प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांना द्या. खाडीच्या दोन्ही काठांवर दोन ग्रामपंचायती असतील तर ठराव दोन्हीकडे हवेत, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

बायकांची मच्छीमार म्हणून नोंद आहे का, ते बघा. बहुतेक ठिकाणी नोंद नवऱ्याची असते, कारण होडी त्याची. चिखलात उतरणारी बाई सरकारदरबारी ‘गृहिणी’. मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व आणि मच्छीमार म्हणून ओळखपत्र तिच्या नावाने मिळाल्याशिवाय विमा, किसान क्रेडिट कार्ड, अनुदान यांपैकी काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली आणि शिंपलावर्गीय शेतीही त्यात धरली गेली. राज्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाची २०१७पासूनची उपजीविका योजना आहे. तिच्यात कालवं-शिणाण्यांची शेती, खेकडापालन, पर्यटन येतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवन सफारी चालवतो, तो याच वाटेवरचा. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे निकष कार्यालयात जाऊन बघा, ते बदलत असतात.

आणि काय वेचायचं नाही तेही इथेच. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ चपट्या शिंपा लावत, तो जीव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. गोव्यातल्या चिखलीच्या खाडीत तो सापडतो आणि तिथे त्याच्या उपशावरून तंटे झालेले आहेत. जाळ्यात-पाटीत आला तर परत टाका.

पाणी स्वच्छ नसेल तर विक्री नको

हा भाग सर्वात कमी बोलला जातो आणि सर्वात जास्त नुकसान करू शकतो. शिंपली पाणी गाळून खाते. पाण्यात जे असेल ते तिच्यात साठतं: गटाराचे जंतू, काविळीचे विषाणू, कारखान्याच्या सांडपाण्यातले जड धातू, आणि कधीकधी विषारी शेवाळ.

पट्ट्यापासून वरच्या अंगाला काय काय खाडीत सुटतं याचा नकाशा काढा. मासळी बाजाराची मोरी, वस्तीचे संडास, रिसॉर्टची पाइप, एमआयडीसीचा नाला. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून वर्षातून निदान दोनदा करून घ्या, त्यातली एक पहिल्या पावसानंतर. मोठ्या पावसानंतर काही दिवस वेचलेला माल विकू नये हा नियम तपासणी नसतानाही पाळता येतो.

पाण्याचा रंग अचानक तांबूस, तपकिरी किंवा गडद हिरवा झाला, मासे मरून किनाऱ्याला लागले, तर वेचणी त्याच दिवशी थांबवा आणि मत्स्य विभागाला कळवा. १९९७मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन सात जण दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. शेवाळाचं हे विष शिजवून, तळून, आमसूल घालून जात नाही. ओठ, जीभ आणि बोटांना मुंग्या येणं हे पहिलं लक्षण. ते दिसलं की घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठायचं, कारण पुढे श्वास अडतो. गटातल्या प्रत्येकीला हे पाठ हवं.

वाळू आणि जंतू कमी करायला शिंपल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात २४ तास ठेवतात. टाकीत तळापासून चार बोटं वर जाळीची फळी, तिच्यावर एक-दोन थर शिंपल्या, म्हणजे त्यांनी टाकलेली घाण खाली बसते आणि पुन्हा पोटात जात नाही. पाणी ज्या खाडीतून माल आणला तिच्याइतकंच खारट हवं. गोड्या पाण्यात टाकल्या तर त्या तोंड मिटून बसतात, काही साफ होत नाही आणि काही वेळाने मरतात. भरतीचं पाणी, तेही खाडीच्या तोंडाकडचं, घ्यावं, मधे एकदा बदलावं, हवेचा छोटा पंप लावावा. टाकीला पैसे नसतील तर स्वच्छ जागी बांबूला टांगलेल्या जाळीच्या टोपल्यांत दोन भरत्या काढू द्या. एवढ्याने वाळू जाते आणि जंतू बरेच कमी होतात; विषाणू पूर्ण जात नाहीत, धातू आणि शेवाळाचं विष तर नाहीच. घाणेरड्या पट्ट्याला टाकी हा उपाय नाही.

आता बाजार

इथवर आलात की लोणच्याची बैठक घ्यायला हरकत नाही. पण आधी जिवंत मालाकडे बघा. त्यात भांडवल कमी, जोखीम कमी आणि नुसत्या हाताळणीने भाव वाढतो.

काढलेला माल सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका आणि वितळत्या बर्फाचं पाणी अंगावर येऊ देऊ नका. कालवं खोलगट बाजू खाली करून रचा, त्यांचं पाणी सांडत नाही. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती मेलेली, काढून टाका. आकारानुसार दोन ढीग करा. मोठ्या तिसऱ्यांचा वाटा मिसळून विकला तर लहानांच्या भावात जातो. वाट्याने विकायला हरकत नाही, पण वाट्यात किती किलो बसतात ते बाईला माहीत हवं. व्यापाऱ्याला मात्र काट्यावरच द्या, आणि काटा गटाचा असू द्या. साध्या डिजिटल काट्याइतकी चांगली पहिली खरेदी दुसरी नाही.

शिंपल्या उकडून, निसून मांस विकण्याआधी हिशेब करा. तिसऱ्यांत मांस वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरा, तुमच्या मालाचं स्वतः तोलून बघा. हंगामाप्रमाणे ते बदलतं. समजा अख्खा माल ६० रुपये किलोने जातो. एक किलो मांसाला दहा किलो माल लागला, तो सहाशे रुपयांचा झाला. उकडायला जळण ४० रुपये, दोघींचे दोन-दोन तास, तासाला ५० धरले तर २००. म्हणजे ८४० रुपयांच्या खाली मांस विकलं तर नुसत्या वेचणीपेक्षा तोटा. लोणच्यात यावर तेल, मसाला, बरणी, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन. बायकांचे तास शून्य धरून नफा दाखवणारे प्रकल्प अहवाल बरेच दिसतात. तसला एक हातात आला तर तासांचा रकाना भरून परत करा.

भाव परवडत असेल तर खुशाल करा. मांस काढल्यावर लगेच थंड, एफएसएसएआयची नोंदणी, लेबलवर काढल्याची तारीख आणि खाडीचं नाव. पुण्या-मुंबईतल्या गिऱ्हाइकाला खाडीचं नाव आणि लहान माल न घेण्याचा नियम सांगितला की तो दोन पैसे जास्त देतो. फक्त ऑर्डर घेताना वहीकडे बघा. तासाला मिळणारा माल घटत असेल तर नवीन ऑर्डर नाही, हे गटाच्या ठरावात लिहून ठेवा, कारण दिवाळीच्या ऑर्डरसमोर तोंडी शब्द टिकत नाहीत.

शेती: पट्ट्यावरचा भार हलका करायला

शिणाण्यांची शेती बायकांना जमते हे केरळात कासारगोडच्या पडन्ना-चेरुवत्तूर भागातल्या बचत गटांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दाखवलं आहे. पद्धत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची. खाडीच्या तोंडाकडे, जिथे पाणी खारट राहतं पण लाट नाही, तिथे बांबूची चौकट उभी करतात. खडपावरचं १५ ते २५ मिलिमीटरचं बी दोरीभोवती, मीटरला अर्धा ते पाऊण किलो, सुती मच्छरदाणीच्या कापडाने गुंडाळून शिवतात. दोन-तीन दिवसांत बी आपल्या धाग्यांनी दोरी धरतं आणि कापड कुजून गळतं. नायलॉनचं कापड वापरलं की बी आतच गुदमरतं, तिथे काटकसर नको. नोव्हेंबरच्या सुमाराला दोऱ्या सोडल्या तर मेपर्यंत माल तयार. पावसाचं गोडं पाणी येण्याआधी सगळा काढलाच पाहिजे. दर चढेल म्हणून जूनपर्यंत थांबणं म्हणजे जुगार.

बी मात्र खडपावरूनच येतं. ते खरवडून आणताना एकाच खडकाचं सगळं नेऊ नका, नाहीतर ज्या बायका खडपावरचे शिणाणे काढतात त्यांचं पोट मारून तुमची शेती उभी राहते. चौकट उभारायला मत्स्य विभाग आणि सागरी मंडळाला विचारावं लागतं, कांदळवनाजवळ असेल तर वन विभागालाही, आणि होड्यांची वाट सोडून बांधायची असते. ती वाट कुठून जाते हे गावातल्या होडीवाल्यांना आधी विचारा.

कालवांसाठी आणखी सोपं आहे. निसून उरलेल्या कालवांच्या टरफलांना भोक पाडून तारेत माळा ओवतात आणि बी बसण्याच्या दिवसांत पाण्यात टांगतात. ही टरफलं एरवी घरामागे ढिगाने पडतात नाहीतर चुन्यासाठी जातात. चांगली, मोठी, खोलगट बाजूला ठेवायला आतापासून सांगा, निदान एका हंगामापुरती साठली पाहिजेत.

पहिल्या वर्षाचा खर्च

चिखलात चालायला रबरी बूट आणि हातमोजे सगळ्यात आधी घ्या. कालवाची कड ब्लेडसारखी कापते आणि खाडीच्या पाण्यात जखम चिघळते, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शनही आरोग्य केंद्रातून सगळ्यांना. पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पायाखाली येऊ नये म्हणून पाय न उचलता घासत चालायचं हे जुन्या बायका जाणतात, नव्या मुलींना सांगावं लागतं. पहाटेच्या सुकतीला डोक्याला लावायचे टॉर्च, आणि कोणी एकटीने जायचं नाही.

त्यानंतर काटा, चौकट, खाचेच्या पट्ट्या, बांबू, पाण्याच्या दोन तपासण्या आणि वही लिहिणाऱ्या मुलीचं मानधन. टाकी दुसऱ्या वर्षी. डीप फ्रीझर, पॅकिंग मशीन आणि लेबलाची छपाई तिसऱ्या वर्षी, तीही दोन्ही मोजण्या ठीक आल्या तर. अनुदानातून फ्रीझर आधी मिळत असेल तर अधिकाऱ्याला तसं सांगून तो हप्ता पुढे ढकलून मागा. दर वेळी ऐकतील असं नाही, पण मागायला काही जात नाही.